‘पेअर’ कुठे लावायचं?

इंग्रजीत एका पँटला ‘वन पँट’ म्हणायचं की ‘अ पेअर ऑफ पँट्स’, हा तुमचा घोळ वाचला. घाबरू नका, आम्हीही तिथूनच आलोय. सुरुवातीला एवढंच धरा:

१. चपला, मोजे, कानातले असे दोन नग मिळून जोड होत असेल, तर ‘अ पेअर ऑफ’.

२. कात्री, चष्मा, पँट आपल्याला एकच दिसते. इंग्रजीला त्यात दोन पाती, दोन काचा, दोन पाय दिसतात. म्हणून ‘अ सीझर’ नाही, ‘अ पेअर ऑफ सीझर्स’. क्रियापदाला इथेच ठेच लागते: ‘द सीझर्स आर शार्प’, पण ‘धिस पेअर इज शार्प’. मी एकदा दोन चष्म्यांसाठी ‘टू ग्लासेस’ लिहून मोकळा झालो. समोरच्याला वाटलं, पाण्याचे पेले!

३. ‘कपल’ म्हणजे जोडपं, हे ठाऊकच आहे. पण ‘अ कपल ऑफ डेज’ म्हणजे आपले ‘दोनेक दिवस’. कधी तीनही होतात. ‘अ कपल ऑफ सॉक्स’ म्हणाल, तर कुठलेही दोन मोजे, एक काळा नि एक पांढराही चालेल.

‘ब्रेस’ (शिकारीतल्या पक्ष्यांची जोडी), ‘योक’ (जुंपलेल्या बैलांची जोडी) अशा जोडीच्या इतर शब्दांच्या वाटेला सध्या जाऊ नका. आज कपाट उघडा आणि कशाकशाला ‘पेअर’ लागतं, ते मोठ्याने म्हणून बघा. शर्टाला लागत नाही, बाह्या दोन असल्या तरी. तिथे कारण शोधत बसू नका.