आजी आजीसारखी दिसेना!

प्रश्न : सर, आजीच्या जुन्या फोटोवरून अ‍ॅक्रिलिक रंगांत पोर्ट्रेट करतोय. नाक-डोळे नीट काढलेत तरी कुणी दुसरीच बाई वाटते, आणि गालाचा रंग वाळला की काळपट पडतो. काय करू? – एक वाचक, निपाणी

उत्तर : पापण्या, सुरकुत्या सगळं आधी थांबवा बघू. ओळख पटते ती दोन अवयवांमधल्या अंतरावरून आणि सावल्यांच्या मोठ्या आकारांवरून. फोटो आणि कॅनव्हास दोन्ही उलटे ठेवा, डोळे किलकिले करून बघा, चूक लगेच दिसते. आजीचे दात पडलेत काय? मग नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर कमी झालेलं असतं, ओठ आत गेलेले असतात, आणि आपण सवयीनं तरुण बाईचं तोंड काढून मोकळे होतो, माझ्या मते नव्वद टक्के घोळ इथंच असतो.

रंगाचं म्हणाल तर अ‍ॅक्रिलिकचा बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट द्रव, ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, म्हणून रंग गडद वाटतो. किंचित फिका शेड बनवा, आधी कागदाच्या पट्टीवर वाळवून बघा. सावलीत काळा घालू नका, बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरे. उन्हाळ्यात पॅलेट लगेच सुकतं, तेव्हा ओल्या टिश्यूवर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढा.

आणि आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे व्यक्तिचित्रकार होऊन गेलेत, चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, यांची मूळ चित्रं कुठं लागली तर आवर्जून जाऊन बघा, फोटोवर भागवू नका.