हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, आता लॅपटॉप सुरूच होत नाही. एसएसडी खराब निघाली असेल का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या लॅपटॉपमध्ये घरीच एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपांची वेगवान डिस्क) बसवली, झाकण लावलं आणि आता बटण दाबलं तरी दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही. माझ्या मते एसएसडीचा दोष असण्याची शक्यता फार कमी आहे.

डिस्क अजिबात नसली तरी लॅपटॉप चालू होतो. कंपनीचा लोगो येतो आणि बूट करायला (म्हणजे सुरू करायला) विंडोजसारखं काही सापडलं नाही, असा संदेश येऊन तो थांबतो. तुमचा तिथवरही पोचत नाही. म्हणजे उघडताना तुमचा हात जिथे जिथे लागला, तिथे शोधायला हवं.

आधी एसएसडी परत बाहेर काढा. चार्जर काढा, बॅटरी सोडवा आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. मग बॅटरी नीट जोडा, चार्जर लावा आणि चालू करा. चार्जर लावायचाच, कारण आतली बॅटरी एकदा सोडवली की काही लॅपटॉप चार्जरशिवाय उठतच नाहीत. दिवा लागला पण स्क्रीन काळीच राहिली, तर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं थांबा.

एसएसडीशिवाय चालू झाला, तर एसएसडी किंवा तिची केबल यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. नाहीच झाला, तर पुढचं वाचा.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपचं नेमकं हेच झालं होतं. दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं, ती रडकुंडीला आली होती. मी झाकण पुन्हा उघडलं. त्या मॉडेलमध्ये पॉवरच्या बटणापासून बोर्डापर्यंत बोटाच्या नखाएवढी रुंद, कागदासारखी पातळ रिबन केबल येते. ती सॉकेटमध्ये बसलेली दिसत होती, पण तिच्यावरचा काळा खटका उभाच होता. शिवाय केबल एका बाजूने केसभर तिरकी गेली होती. खटका पूर्ण वर केला, केबल सरळ आत सरकवली, खटका आडवा दाबला. बटण दाबल्याबरोबर दिवा लागला. तुमच्याकडेही अशी केबल असेल तर टॉर्च लावून बघा. खटका नखाने, हलक्या हाताने उचला, कारण तो तुटला तर सॉकेटच बदलावं लागतं.

त्यानंतर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. काढून पुन्हा बसवा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागेपर्यंत दाबा. दोन असतील तर एकेक लावून बघा. स्क्रूही तपासा. लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आत बोर्डाला टेकू शकतो. एखादा स्क्रू हरवला असेल तर तो आतच पडला नाही ना, हे लॅपटॉप उलटा करून, हलवून बघा.

एकदा दिवा लागला की एसएसडी परत लावा. जुनी हार्डडिस्क बऱ्याचदा 9.5 मिमी जाड असते आणि एसएसडी 7 मिमी, त्यामुळे ती खाली बसते आणि कनेक्टर सैल राहतो. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट नव्या एसएसडीला स्क्रूने लावायला विसरू नका.

मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल आणि तरी विंडोज येत नसेल, तर ती बहुधा कोरी आहे, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकावं लागेल. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, केलं असेल, तर फक्त सी ड्राइव्हच उतरवला नाही ना, हे तपासा. बूटची माहिती साधारण 100 एमबीच्या वेगळ्या, लपलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) असते, तीही यायला हवी. शिवाय डिस्कच्या मांडणीचे दोन प्रकार असतात: जुनी डिस्क एमबीआर प्रकारची असेल तर बायोसमध्ये बूटची पद्धत लेगसी आणि जीपीटी प्रकारची असेल तर यूईएफआय ठेवावी लागते. हे उलटसुलट झालं की क्लोन उत्तम असूनही उठत नाही.

हे सगळं होईपर्यंत जुन्या हार्डडिस्कला हात लावू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. तुमचे फोटो, कागदपत्रं अजून तिच्यावरच आहेत.

चार्जर लावल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो का, आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो का, हे लॅपटॉपच्या मॉडेल नंबरसकट लिहा. काही कंपन्या त्या लुकलुकण्यातूनच रॅम की बोर्ड ते सांगतात, मग मी त्या मॉडेलप्रमाणे बघून सांगेन.