कँटोनीज भाषेत राग कसा व्यक्त करतात? काही वाक्प्रचार सांगाल का?

नोकरीमुळे हाँगकाँगमध्ये पाच वर्षं काढली. शिव्या पहिल्या आठवड्यातच कळल्या, त्या इथे नको.

रागावणं म्हणजे 'नौ'. उच्चार आपल्या नौकेतल्या 'नौ'सारखा, पण पट्टी वरची. लिहिताना मधे 'बाई'चं चिन्ह आणि दोन्ही बाजूंना एकेक 'पुरुष'! राग चढला की 'फो क्वन', म्हणजे आग उकळते. (आग कशी उकळेल, असं विचारू नका, आपली तरी तळपायातून मस्तकात जातेच की.) आतल्या आत धुमसत असाल तर 'थिउ हेइ म् सोन', श्वास सरळ वाहत नाही. बढती दुसऱ्यालाच मिळाली की जेवणाच्या सुट्टीत हेच कानावर यायचं.

दिवसातून दहा वेळा ऐकू येतं ते 'यौ मोउ काउ छो!' शब्दशः 'काही चुकलंय की नाही?', पण सूर 'डोकं ठिकाणावर आहे का?' असा.

2006 साली तिथल्या एका बसमधलं भांडण मोबाइलवर टिपलं गेलं आणि जगभर पसरलं. फोनवर जरा हळू बोला, असं मागच्या पोराने सांगितलं, म्हणून काका कित्येक मिनिटं त्याच्यावर बरसत होते. त्यातलं 'तुला टेन्शन आहे, मला टेन्शन आहे!' हे वाक्य पुढे लोकांच्या तोंडी बसलं.

माझं लाडकं वाक्य मात्र भिंतीपलीकडून आलं. शेजारीणबाई मुलाच्या मार्कांवरून कडाडल्या: 'सांग कौ छा सिउ होउ क्वो सांग नेइ!' तुला जन्म देण्यापेक्षा छा सिउचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं! छा सिउ म्हणजे खालच्या दुकानात काचेआड आकड्याला टांगलेलं, गोडसर, लालबुंद भाजलेलं डुकराचं मांस. निदान खाता तरी आलं असतं, हा भाव. मला एकदम आई आठवली: 'तुझ्याऐवजी धोंडा झाला असता तर धुणं तरी धुता आलं असतं!'

मग मुलाच्या वडिलांनी भर घातली: 'किक सेइ लोउ तौ वन सान पाय.' बापाला संतापाने मारायचं आणि मग पूजेला डोंगर शोधत फिरायचं. तिकडे थडगी डोंगरउतारावर असतात; एप्रिलमध्ये छिंग मिंगला अख्खं कुटुंब तिथे साफसफाईला, नैवेद्य दाखवायला चढतं.