‘मोरीत पाय घसरला’ असे ती सांगेल तेव्हा

प्रिय डॉक्टर,

दवाखाना सुरू करतो आहेस, म्हणून एक गोष्ट वेळेवर सांगून ठेवतो.

मोरीत पाय घसरला, असे सांगणाऱ्या बायका तुझ्याकडे येतील. त्यांतली एखादी खरोखरच घसरलेली असेल. पण पडणारा माणूस बहुधा तळहात टेकतो; डोक्यावरचा फटका चुकवू पाहणारा माणूस मात्र हात आडवा धरतो. म्हणून वळ करंगळीच्या बाजूने कोपरापर्यंत गेलेला असेल, जखम दोन दिवस जुनी असेल आणि तू तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नवराच देत असेल, तर कागदावर घाईने औषध लिहू नकोस. कित्येकींच्या अंगावर तर वळही नसतो. डोके दुखते, झोप लागत नाही, ओटीपोटात कळा येतात, असे सांगत त्या महिनोन्महिने येत राहतात आणि आपण गोळ्या बदलत राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य जणींनी त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढलेला नव्हता.

घरात मारहाण होते का, हा प्रश्न नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर कधीही विचारायचा नाही. तपासणीच्या वेळी पडद्याआड फक्त पेशंट आणि सिस्टर, हा नियम पहिल्या दिवसापासून सर्वांना लाव, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. मग साध्या शब्दांत विचार : “अशा जखमा कधी कधी घरातल्या मारहाणीनेही होतात. तुमच्यावर कुणी हात उचलतं का?” ती ‘नाही’ म्हणाली, तर विषय तिथेच सोड. ‘हो’ म्हणाली, तर यात तिची चूक नाही, एवढे आधी सांग. गळा दाबला होता का, हे मात्र स्वतंत्रपणे विचार, कारण ते आपणहून फार थोड्या जणी सांगतात. गळ्यावर खूण नसली, तरी आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल किंवा डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसत असतील, तर तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठव. अशा स्त्रीच्या जिवाला पुढेही धोका असतो.

आता माझी चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका बाईच्या केसपेपरवर मी “नवऱ्याने मारले” असे प्रामाणिकपणे लिहिले आणि तो कागद तिच्याच हाती दिला. घरी तो वाचला गेला. पुढच्या वेळी ती आली, तेव्हा तिचा जबडा सुजलेला होता. तेव्हापासून घरी जाणाऱ्या कागदावर मी फक्त औषधे लिहितो. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग आणि तिचे शब्द जसेच्या तसे दवाखान्यातल्या नोंदीत, कुलपात राहतात. न्यायालयात तिला याच नोंदीचा आधार होऊ शकतो. तिला विचारल्याशिवाय फोन किंवा व्हॉट्सअॅपही करू नकोस.

तो नवराही तुझाच पेशंट असेल, त्याच्या वडिलांचे बीपी तूच तपासत असशील. फॅमिली डॉक्टर म्हणून आपला शब्द त्या घरात चालतो, असे वाटून त्याला समजवायला जाशील, तर त्याचा राग रात्री तिच्यावर निघेल. तिला “घर सोड” असेही सांगू नकोस. सोडून जाण्याच्या काळात धोका वाढतो. कधी, कुठे आणि मुलांना घेऊन कसे जायचे, हे तिला नीट ठरवू दे.

कायदा तिच्या बाजूने आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्याची मदत मागता येते, आणि तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जवळचे सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र, तिला तोंडी सांग. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र दोन दशकांहून अधिक काळ अशा स्त्रियांना मदत करत आले आहे. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणे तुला बंधनकारक आहे. ती बोलू लागण्याआधीच तिला याची कल्पना दे.

पहिल्या भेटीत ती बहुधा काही बोलणार नाही. तिला पुन्हा येण्याचे कारण दे : आठ दिवसांनी बीपी तपासायचे आहे, म्हण. आणि ती एकटी आली, तर नंबर न पाहता तिला आत सोडायचे, हे कंपाउंडरला आजच सांगून ठेव.

तुझा,
एक जुना डॉक्टर