दोन चाकी ट्रॉली झोले खाते, चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं: आधी माल कुठे ठेवता ते पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यावल तालुक्यात शेत, ४५ एचपीचा ट्रॅक्टर, त्याला यंदा घेतलेली जुनी दोन चाकी ट्रॉली. केळीचे घड भरले की नाल्याच्या चढावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत. आणि खताच्या गोण्या आणताना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर वेग थोडा वाढला की ट्रॉली डावी-उजवी झोले खाते. मिस्त्री म्हणतो पाटे (ट्रॉलीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदला. शेवटी तुम्ही विचारलंय की कापूस भरल्यावर वर चार-पाच मजूर बसवले तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. त्याच्याकडे खाली परत येईन.

पाट्यांवर पैसे घालायची घाई करू नका. एकाच ट्रॉलीत दोन उलट दुखणी दिसताहेत. केळी भरली की हुकावर भार जास्त होतो, खत भरलं की भार उरतच नाही. ट्रॉली तीच, पाटे तेच, बदलते ती फक्त मालाची जागा.

आमच्याकडे चोपडा तालुक्यात माझ्या आजोबांची बैलगाडी होती. गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी ते स्वतः जू उचलून बघायचे. मागे जास्त माल असला तर जू आपोआप वर जायचं. त्याला आपण गाडी उलाळ झाली म्हणतो. पुढे जास्त असला तर जू उचलायचंच नाही. आजोबा म्हणायचे, "जू हातमा जड लागाले जोयजे, पन बैलनी मानवर बसाले नको." दोन चाकी ट्रॉलीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, जुवाच्या जागी हुक आला, पण मधल्या एक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर) तोललेला तराजू तोच राहिला. परदेशात लोक मोटारीमागे राहायची कॅरव्हॅन ओढतात, तिथेही हाच हिशेब आहे. भरलेल्या कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार मोटारीच्या हुकावर असावा, असं तिथे सांगतात. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी, त्यांना जास्त भार झेपतो आणि त्याने पकडही वाढते. दोन चाकी ट्रॉलीला मी १० ते १२ टक्के धरतो.

आता तुमच्या खताचा हिशेब करू. रिकाम्या ट्रॉलीचा हुकावर साधारण दोन क्विंटल भार असतो. तुम्ही लिहिलंय की २० गोण्या मागच्या फाळक्याजवळ (उघडणाऱ्या फळीजवळ) ठेवल्या, उतरवायला सोप्या म्हणून. ५० किलोच्या २० गोण्या म्हणजे १० क्विंटल. त्या एक्सलच्या एक मीटर मागे आणि हुक एक्सलच्या साडेतीन मीटर पुढे धरला, तर त्या गोण्या हुकावरचा जवळपास २.९ क्विंटल भार उचलून घेतात. दोनमधून २.९ गेले. म्हणजे तुमची ट्रॉली ट्रॅक्टरला खाली दाबत नव्हती, वर उचलत होती. उलाळ झालेल्या ट्रॉलीची शेपटी जड असते, ती एकदा डावीकडे गेली की परत येताना जास्त उजवीकडे जाते. वेग वाढेल तसा झोला वाढत जातो. नवे पाटे यात काहीच करू शकत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ च्या पावसाळ्याआधी मी आणि माझा चुलतभाऊ अशाच गोण्या घेऊन येत होतो. फरशी पुलाच्या आधी उतार होता, ट्रॉली डुलायला लागली आणि मी घाबरून कचकन ब्रेक दाबला. मागून ट्रॉलीने ढकललं, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची कात्री झाली, हुकाची पिन वाकली आणि ट्रॉली आडवी पडली. भाऊ मडगार्डवर बसला होता. त्याची मांडी मोडली. तो आज चालतो, पण शेतात वाकून काम करू शकत नाही. गोण्या मी भरल्या होत्या, ब्रेक मी दाबला होता. म्हणून कुठेही कोणी ट्रॉलीबद्दल विचारलं की मी लांबलचक लिहितो.

झोला सुरू झालाच तर कचकन ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, झोल्याच्या मागे फिरवू नका, क्लच दाबू नका. वेग उतरला की झोला मरतो. मग बाजूला थांबा आणि चार गोण्या पुढे सरकवा, घर कितीही जवळ असलं तरी.

केळीचं दुखणं उलटं आहे. कटाईवाले घड पुढच्या फळीपासून लावत येतात. पूर्ण ट्रॉली भरली तर ते ठीक, कारण बहुतेक ट्रॉल्यांचा एक्सल मध्यापेक्षा थोडा मागेच बसवलेला असतो आणि सारखा पसरलेला माल आपोआप हुकावर योग्य भार देतो. पण बागेतून १०० घड निघाले आणि ते सगळे पुढच्या अर्ध्या भागात रचले, तर २० किलोच्या घडाने २० क्विंटल झाले आणि त्यांचा मध्य एक्सलच्या एक मीटर पुढे पडला. हुकावर पावणेआठ क्विंटलच्या आसपास भार आला. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तो भार मागची चाकं दाबतोच, शिवाय पुढच्या चाकांवरचं वजन उचलतो. तुमच्या ट्रॅक्टरला हे उचललेलं वजन अडीच क्विंटलच्या वर जातं. सपाटीवर निभावतं, नाल्याच्या चढावर आणखी वजन मागे सरकतं आणि तोंड तरंगायला लागतं. अर्धा माल असेल तेव्हा त्याचा मध्य एक्सलच्या फक्त एक हात पुढे ठेवा. एक्सल कुठे आहे ते ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून ठळक रंगाची उभी पट्टी मारून ठेवा, म्हणजे भरणाऱ्या माणसाला विचारावं लागत नाही. घडांखाली आणि फटींत केळीची पानं नीट घाला. ती घड काळे पडू नयेत म्हणून घालतातच, पण माल सरकू नये म्हणूनही त्यांचा उपयोग होतो.

अंदाजावर विश्वास नसेल तर वजनकाट्यावर जा. काट्यावाल्याला दोन पावत्या जास्त करायला सांगा, पैसे वसूल होतील. आधी नुसता ट्रॅक्टर चढवा. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चाकं काट्यावर ठेवा, ट्रॉली बाहेर. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. मग पुढे सरकून फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर घ्या. काट्याच्या पुढची-मागची जागा सपाट हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. माझ्या ट्रॉलीचे आकडे देतो: नुसता ट्रॅक्टर २१४० किलो, ट्रॉली जोडून ट्रॅक्टर २५९० किलो, ट्रॉलीची चाकं ४३५० किलो. हुकावर ४५०, ट्रॉलीचं एकूण वजन ४८००, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या जवळ. दहापेक्षा थोडं कमी, पण मला एवढं पुरतं. तसंच जोडलेल्या स्थितीत फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पाहा. स्टेअरिंग ताब्यात राहायचं तर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असायला हवा. २१४० किलोच्या ट्रॅक्टरला हे ४३० किलो होतात. चढाचा रस्ता असेल तर मी ६०० च्या खाली जाऊ देत नाही. कमी भरलं तर पुढे वजनाच्या प्लेटा लावणं हा दुसरा उपाय, पहिला उपाय माल मागे सरकवणं.

कापसाचं वजन तुम्हाला त्रास देणार नाही, उंची देईल. मोकळा कापूस जाळी लावून वरपर्यंत भरतात, तेव्हा ट्रॉलीच्या चाकापेक्षा भाराचा मध्य खूप वर जातो. बांधावरून एक चाक चढलं, एक खाली गेलं की ती कलंडते. शेतरस्त्यावर काळ्या मातीत चाकोरी खोल झालेली असते, तिथे आधी पायी चालून या. भरताना थरावर थर नीट तुडवा, ताडपत्री घाला आणि नाडा आडवा-तिडवा दोन्हीकडून आवळा. शिवारात विजेच्या तारा झोल पडून खाली आलेल्या असतात; ज्या वाटेने जायचं तिथली सर्वांत खालची तार बघून मग उंची ठरवा. ताडपत्री सुटून फडफडली तरी ती तारेला लागू शकते. बिडी ओढणाऱ्याला ट्रॉलीपासून लांब पाठवा, तो कितीही मोठा असो.

ओढण्याबद्दल. शेतात आपण एका बाजूचा ब्रेक वापरून वळतो. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेकचे पॅडल लॅच लावून जोडा. हे विसरून कोणी जोरात एकच पॅडल दाबलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. तुमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत असं लिहिलंय. म्हणजे माझ्याच काट्याचे आकडे धरले तर २१ क्विंटलच्या ट्रॅक्टरने ४८ क्विंटलची ट्रॉली थांबवायची आहे. भरलेल्या ट्रॉलीला २० ते २५ चा वेग खूप झाला. २० चे ४० केले तर थांबवायची शक्ती दुप्पट लागत नाही, चौपट लागते. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली टाका, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे आपल्या भागात खूप आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे उतार फसवे असतात, दिसायला सपाट आणि लांबच लांब. तिथे न्यूट्रल केलेला ट्रॅक्टर परत गिअरमध्ये येत नाही.

हुक मागच्या एक्सलच्या खालच्या पातळीवरच हवा. ट्रॉली गाऱ्यात रुतली म्हणून टॉप लिंकला (ट्रॅक्टरमागच्या वरच्या जोडदांड्याला) किंवा एक्सलच्या वर साखळी बांधून ओढू नका. ओढ एक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटा फिरतो आणि हे दीड सेकंदात होतं, उडी मारायला वेळ मिळत नाही. पिन जाड, सरळ आणि खाली लॉक असलेली घ्या. सळईचा तुकडा घालून चालवू नका. सोबत एक जाड साखळी वेगळी बांधा, पिन तुटली तर ट्रॉली सुटून जायला नको.

ट्रॉली सोडताना आधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मग पुढचा जॅक टेकवा, मग पिन काढा. आणि माल पुढून उतरवत गेलात तर मध्येच ट्रॉली उलाळ होते. त्या वेळी कोणी पिन काढली तर पुढचा दांडा सरळ हनुवटीवर येतो. अर्धा माल उतरला असताना पिनेला हात लावायचाच नाही.

टायरची हवा दोन्हीकडे सारखी ठेवा, आपल्या उन्हाळ्यात सकाळी थंड असताना बघा. बेअरिंगला हंगामाआधी ग्रीस द्या. जुनी ट्रॉली आहे, तर चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहा, खडखड वाजलं तर बेअरिंग बदला. मिस्त्रीला हे काम सांगा, पाट्यांचं नाही. मागे लाल रिफ्लेक्टर पट्ट्या फाळक्याच्या पूर्ण रुंदीला लावा. ताडपत्रीने किंवा लोंबत्या पानांनी त्या झाकल्या जाणार नाहीत हे बघा. कापसाच्या दिवसांत जिनिंगबाहेर रात्री रांगा लागतात, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिवे नसलेली ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते.

आता मजूर. कापूस मऊ असतो, बसायला बरं वाटतं, पोरं आनंदाने चढतात. पण वर धरायला काही नाही, भाराचा मध्य आधीच उंच आहे आणि पाच माणसं म्हणजे आणखी तीन क्विंटल अगदी टोकावर. ट्रॉली नुसती एका बाजूला झुकली तरी ती माणसं आधी पडतात आणि ट्रॉली त्यांच्यावर. मडगार्डवरही कोणी नको, दांड्यावर तर अजिबात नको. ट्रॉलीची नोंदणी मालासाठी असते, माणसांसाठी नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला घरची बायका-मुलं ट्रॉलीत घालून नेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मीही लहानपणी गेलो आहे, आता माझ्या घरातल्या कोणाला जाऊ देत नाही. मजुरांना रिक्षाने पाठवा. भाडं कापसाच्या भावात धरा. पावरा मजूर सातपुड्यातून आपल्या भरवशावर खाली येतात, त्यांच्या घरी बऱ्याचदा दुसरा कमावता नसतो.

या आठवड्यात काट्यावर गेलात तर चार आकडे इथे लिहा: नुसता ट्रॅक्टर, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीची चाकं आणि जोडलेल्या स्थितीत पुढची चाकं. सोबत हुक ते एक्सल आणि एक्सल ते मागचा फाळका ही दोन मापं टेपने घ्या. मग तुमच्या ट्रॉलीला अर्ध्या मालाचा मध्य नेमका कुठे यायला हवा ते मी हिशेब करून सांगतो, तिथे दुसरी पट्टी मारून घ्या.