अंगावर काटा की नुसता कंटाळा?

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या, काउंट ड्रॅक्युला नावाच्या रक्तपिपासू सरदाराच्या कादंबरीबद्दल वाचकांचं एकमत होणं अवघड. कुणी ती दोनदा वाचतं, कुणी शंभराव्या पानावर मिटून ठेवतं. आलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत. उत्तरांत कथानक उघडं पडतं, तेव्हा कोरी पाटी हवी असणाऱ्यांनी आधी कादंबरी वाचावी.

प्रश्न : पहिली चार प्रकरणं एका बैठकीत संपवली. पुढे मात्र पत्रं, लग्नाच्या मागण्या, वेड्यांचं इस्पितळ... काउंट दिसतच नाही. इथेच थांबलं तर काय बिघडलं?

उत्तर : तक्रार खोटी नाही. पुस्तकाची प्रकरणं सत्तावीस, आणि चौथ्यानंतर काउंट समोर उभा राहून बोलतो असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण वाचक अडखळतो तो बहुधा तारखेवर. काउंटच्या कामासाठी ट्रान्सिल्व्हेनियात गेलेला इंग्लिश वकील जोनाथन हार्कर, त्याची किल्ल्यातली रोजनिशी ३ मे ते ३० जून अशी चालते आणि पाचवं प्रकरण उघडतं ते त्याची वाग्दत्त वधू मीना हिच्या ९ मेच्या पत्राने. काळ एकदम मागे गेलेला असतो. मथळ्यातली तारीख डोळ्यांखालून निसटली की पुढचा मजकूर पाणचट वाटणारच.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. १९ मे रोजी काउंट जोनाथनकडून घरी पाठवायची तीन पत्रं लिहून घेतो, त्यांवर तारखा १२, १९ आणि २९ जूनच्या. आपलं आयुष्य किती उरलं ते जोनाथनला त्या क्षणी कळतं. आणि २४ मे रोजी तिकडे इंग्लंडमध्ये ल्यूसी ही मैत्रीण मीनाला कळवते, की एकाच दिवसात तिघांनी मला मागणी घातली! त्या पत्रातला खिदळणारा सूर मग तितकासा निरुपद्रवी राहत नाही.

उपाय साधा आहे. खूण म्हणून पुस्तकात जो कागद ठेवाल त्यावर तीन रकाने आखा : तारीख, लिहिणारा, त्याला आतापर्यंत काय ठाऊक आहे. तिसरा रकाना महत्त्वाचा. काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमीटर’ जहाजाची ६ जुलै ते ४ ऑगस्टची नोंदवही ८ ऑगस्टच्या वर्तमानपत्री कात्रणाच्या पोटात येते, तिथे तर या कागदावाचून हमखास गोंधळ उडतो. दहा-बारा नोंदी झाल्या की कळतं, धोका फक्त आपल्याला दिसतो आहे, पात्रांपैकी प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडाच आहे. रात्री रक्त प्यायला येणाऱ्याला रोखायला ल्यूसीच्या खोलीत डॉक्टर व्हॅन हेल्सिंग लसणाच्या फुलांच्या माळा लावतात आणि तिची आई, खोलीत कोंदट वास येतोय म्हणून, मायेपोटी त्या काढून खिडकी उघडते. तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. पुढे ल्यूसीजवळ रात्री थांबा अशी तार ते वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर सेवर्ड याला करतात, पण पत्त्यात परगण्याचं नाव नसल्याने ती भलत्याच परगण्यात जाते आणि बावीस तास उशिरा पोचते. नेमकी तीच रात्र ल्यूसीला भोवते.

प्रश्न : सगळे म्हणतात सुरुवात भयानक आहे. मला तर हसू आलं. एवढा मोठा सरदार आणि पाहुण्याचं अंथरूण स्वतः घालतो?

उत्तर : हसू यायलाच हवं, स्टोकरने ती सोय केलेली आहे. जोनाथन दाराच्या बिजागरीच्या फटीतून पाहतो तर काउंट स्वतः टेबल मांडतोय. त्यातून तो निष्कर्ष काढतो : किल्ल्यात नोकर नाहीत. मग घाटातून आपल्याला घेऊन आलेला गाडीवान कोण? ज्याने नुसत्या हाताच्या इशाऱ्याने लांडगे पांगवले तो? हसू तिथेच विरतं.

८ मेचा दाढीचा प्रसंगही असाच. जोनाथनने खिडकीजवळ छोटा आरसा टांगलाय. खांद्यावर हात पडतो, ‘सुप्रभात’ ऐकू येतं, आणि मागची सगळी खोली आरशात दिसत असताना माणूस दिसत नाही. दचकून वस्तरा लागतो, हनुवटीवरून रक्त ओघळतं. काउंटचे डोळे पेटतात, तो गळ्याशी झडप घालतो, बोटं क्रॉसच्या माळेला लागतात आणि त्याचा आवेश क्षणात उतरतो. मग तो आरसाच खिडकीबाहेर फेकून देतो. यावर जोनाथन काय लिहितो? की आता दाढी कशी करायची, घड्याळाच्या झाकणात बघून की दाढीच्या भांड्याच्या बुडात? वकिली पेशाचा, नीटनेटका माणूस आहे तो. वेड लागू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी नोंदवत राहतो. आमच्या मते पुस्तकातलं सगळ्यात अस्सल लेखन ते हेच.

प्रश्न : काउंट भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हात त्याची राख का होत नाही? लेखकाची चूक?

उत्तर : चूक नाही, तो नियम कादंबरीत नाहीच. उन्हाने मरणारा रक्तपिपासू आला तो १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून. (परवानगीवाचून केलेल्या त्या चित्रपटावर स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि १९२५ मध्ये कोर्टाने त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, आणि ऊन सगळ्यांच्या डोक्यात बसलं.) स्टोकरचा काउंट दिवसा फिरू शकतो, त्याच्या शक्ती तेवढ्या आटतात. रूप बदलायचं तर ऐन मध्यान्ही किंवा सूर्योदय-सूर्यास्ताच्या नेमक्या क्षणी. वाहतं पाणी त्याला भरती-ओहोटीच्या ठराविक वेळीच ओलांडता येतं. आतल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा घरात शिरता येत नाही. आणि तो देखणा तरुण नाही. सुरुवातीला पांढऱ्या लांब मिशांचा म्हातारा आहे, तळहातावर केस आणि तोंडाला दुर्गंधी. रक्त मिळत जातं तसा तरुण होतो. मीनाशी त्याचं जन्मोजन्मीचं प्रेम शोधत असाल तर तेही नंतरच्या चित्रपटांचं देणं आहे.

प्रश्न : हा काउंट म्हणजे शत्रूंना सुळावर देणारा व्लाद राजाच ना?

उत्तर : नाव त्याचं, बाकी फारसं काही नाही. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी या इंग्लंडच्या बंदरगावी स्टोकरने विल्यम विल्किन्सनचं १८२० सालचं पुस्तक वाचलं. त्यात वालाखियाच्या (आजच्या रोमेनियातला प्रदेश) भाषेत ‘ड्रॅक्युला’ म्हणजे सैतान अशी टीप होती. तोवर त्याच्या टिपणांत खलनायकाचं नाव ‘काउंट वॅम्पायर’ होतं, ते खोडून त्याने हे घातलं. फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात जपलेल्या त्या टिपणांत सुळाचा उल्लेख नाही. ट्रान्सिल्व्हेनियाला स्टोकर कधी गेलाही नव्हता. व्हिटबीचा उपयोग मात्र त्याने पुरेपूर केला. १८८५ च्या ऑक्टोबरात तिथे ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज किनाऱ्याला लागून फुटलं होतं. ते नार्वाचं होतं. कादंबरीत जहाज ‘डिमीटर’ झालं आणि बंदर वार्ना. अक्षरं तीच, नुसती उलटापालट.

प्रश्न : चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त ल्यूसीला देतात. हे शक्य आहे का?

उत्तर : आज असं कुणी करणार नाही. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनरने कादंबरीनंतर, १९००-१९०१ मध्ये लावला. ल्यूसीचा होणारा नवरा आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग आणि तिला मागणी घातलेला क्विन्सी या चौघांचं रक्त ल्यूसीला न तपासता दिलं जातं. गट जुळला नाही तर मिळालेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जीवही जाऊ शकतो. त्या काळची खरी धास्ती वेगळी होती, रक्त वाटेतच गोठण्याची. म्हणून आधी ते घुसळून त्यातलं फायब्रिन, म्हणजे गोठवणारे धागे, काढून टाकत. आर्थरचं रक्त इतकं निर्मळ आहे की ते करायची गरज नाही, असं व्हॅन हेल्सिंग म्हणतात. वैद्यक म्हणून ते कच्चं आहे, पण त्या काळाला धरून आहे.

प्रश्न : उत्तरार्ध म्हणजे मालवाहतुकीचा हिशेब झालाय. इतक्या पेट्या, इतके पत्ते!

उत्तर : हिशेब मांडूनच वाचा, तेवढं सोपं होतं. काउंटला दिवसा विसाव्याला मायदेशीची माती लागते, म्हणून त्याने पन्नास पेट्या आणल्या आहेत. लंडनजवळ त्याने घेतलेल्या कारफॅक्सच्या घरात सापडतात २९. सहा गेल्या माइल एंडला, सहा बर्मंडसीला, नऊ पिकॅडिलीला. बेरीज बरोबर पन्नास. पण पिकॅडिलीच्या घरात निघतात आठच. त्या एका पेटीवर पुढचा सगळा पाठलाग उभा आहे. हमाल आणि गाडीवाले जी उत्तरं देतात, त्यांतून हे आकडे हळूहळू जमतात, आणि हा भाग आमच्या मते चांगला जमलेला आहे. खरी रटाळ पानं आहेत ती व्हॅन हेल्सिंगच्या भाषणांची. लहान मुलांच्या गळ्यावरच्या खुणा मेल्यावर रक्तपिपासू झालेल्या ल्यूसीनेच केल्या, एवढं एक वाक्य बोलण्याआधी ते सेवर्डला चौदाव्या प्रकरणात किती फिरवतात! ती भाषणं भरभर चाळली तरी चालेल.

प्रश्न : आमच्या वाचनगटात दोन तट पडले. निम्म्या जणी म्हणतात, पुस्तक बायकांना कमी लेखतं. बाकीच्या म्हणतात, मीनाच खरी नायिका. तुमचं मत?

उत्तर : पुस्तकातले पुरुष मीनाला कमी लेखतात, हे नक्की. पुस्तकाचं काय, ते १ ऑक्टोबरच्या नोंदी वाचून ठरवा.

आधीचं काम ध्यानात घ्या. जोनाथनची रोजनिशी लघुलिपीत आहे आणि सेवर्डची फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर, ज्यांतून हवा तो भाग शोधायचा कसा हे त्यालाच ठाऊक नाही. मीना हे सगळं टाइप करते, कार्बन घालून एकावेळी तीन प्रती काढते, तारखेप्रमाणे लावते. काउंटची चाल सगळ्यांना एकत्र दिसते ती त्यानंतर. आणि लगेच पुरुष ठरवतात की हे बाईमाणसाचं काम नव्हे. तिला इस्पितळातल्या मुक्कामी झोपायला पाठवून ते कारफॅक्सला जातात.

पहाटे परतलेला जोनाथन लिहितो : मीना इतकी हळू श्वास घेतेय की कान जवळ न्यावा लागला. नेहमीपेक्षा फिकट दिसतेय. रात्रीच्या बोलण्याचा ताण आला असेल. काही पानांनी त्याच रात्रीबद्दल मीनाची स्वतःची नोंद येते. दाराच्या फटींतून आत झिरपणारं धुकं, त्याचा उभा राहिलेला खांब, त्यातून दिसणारी दिव्याची लाल ठिणगी, मग एका ठिणगीच्या दोन. तिला ते स्वप्न वाटतं आणि नवऱ्याला काळजी नको म्हणून ती बोलत नाही. नवरा तिला काळजी नको म्हणून बोलत नाही. काउंटला आत घ्यायचं काम इस्पितळातल्या रेनफील्ड या वेड्याने केलं, पण रात्रीमागून रात्र त्याचं फावतं ते या दोघांच्या गप्प राहण्यामुळे. हे दोन कागद स्टोकरने एकाच प्रकरणात ठेवलेत. त्यामुळे आमचं मत दुसऱ्या तटाकडे झुकतं, पूर्ण नाही. कारण शेवटच्या पानापर्यंत मीनाची स्तुती इतकी ओसंडून वाहते की तिला माणूस म्हणून चुकायला जागाच उरत नाही.

प्रश्न : कोणती आवृत्ती घ्यावी?

उत्तर : १८९७ ची पूर्ण संहिता. १९०१ मध्येच एक संक्षिप्त आवृत्ती निघाली होती आणि तेव्हापासून कात्री थांबलेली नाही. पटकन तपासायचं तर तीन जागा बघा : आरंभी कागदपत्रं कशी लावली याचं छोटं निवेदन, सहाव्या प्रकरणात व्हिटबीच्या म्हाताऱ्या स्वेल्सचं लांबलचक गावठी बोलणं, आणि अखेरीस सात वर्षांनंतरची जोनाथनची टीप. अनुवादात स्वेल्सची बोली आणि व्हॅन हेल्सिंगचं मोडकंतोडकं इंग्रजी यांचं काय केलंय तेही पाहा. दोघं एकसारखं छापील बोलत असतील तर निम्मी गंमत गेली.

प्रश्न : शेवट गुंडाळल्यासारखा वाटतो. खुंटी नाही, लसूण नाही. काउंट खरंच मेला का?

उत्तर : शंका रास्त आहे. ल्यूसीच्या वेळी छातीत खुंटी, शिरच्छेद, तोंडात लसूण असा सगळा विधी होतो. काउंटच्या वाट्याला येतात दोन सुऱ्या : जोनाथनची कुकरी गळ्यावर आणि क्विन्सीचा बोवी सुरा काळजात. तेही ऐन सूर्यास्ताला, म्हणजे रूप बदलण्याच्या घटकेला. देहाचा चुरा होतो, आणि धुकं होऊन निसटणं हाही याच काउंटचा हातखंडा.

पण एक पुरावा आहे. मीनाच्या कपाळाला पवित्र भाकरीचा तुकडा लागल्यावर पडलेला लाल डाग. काउंटच्या अंतासरशी तो जातो, आणि मरणाऱ्या क्विन्सीला तो आधी दिसतो. म्हणून काउंट मेला, असं आम्ही मानतो. छापण्याआधीच्या हस्तलिखितात किल्लाही कोसळतो, तो परिच्छेद नंतर काढला गेला. छापील पुस्तकात किल्ला शाबूत आहे.

शिवाय अखेरच्या टिपेत जोनाथन स्वतःच कबूल करतो, की आमच्याकडे अस्सल म्हणावा असा कागद जवळपास उरलेलाच नाही. काउंटने मूळ रोजनिश्या आणि नळकांडी सेवर्डच्या घरातल्या आगीत घातली होती. तिजोरीत राहिली ती मीनाने टाइप केलेली प्रत.