सर्जनशील कामाला वेळ मिळावा म्हणून मन न रमणारी नोकरी सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं एकाच नोकरीत आहात, काम जमतं पण त्यात जीव नाही, आणि रात्री चाल बांधायला बसलं की डोळे मिटायला लागतात. तर राजीनामा द्यावा का?

मी दिला होता, लिनोकटसाठी. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, वर रोलरनं शाई फिरवायची आणि कागदावर छापायचं. (अक्षरं उलटी कोरायची असतात, हे मी पहिल्यांदा साफ विसरले होते.) सोडल्याचा पश्चात्ताप नाही, पण ज्या कारणासाठी सोडली ते कारण चुकीचं निघालं.

मला वाटायचं, वेळ नाही म्हणून हातून काही होत नाही. नोकरीत असताना फक्त रविवारची सकाळ मिळायची, तरी महिन्याला एक ब्लॉक कोरून व्हायचा. सोडल्यावर सातही दिवस माझे झाले आणि पहिल्या दीड महिन्यात एकही ब्लॉक पुरा झाला नाही. टेबल आवरलं, कोरण्यांना धार लावली, पुन्हा टेबल आवरलं. अकरा वाजता टेबलावरून उठायचंच आहे म्हटल्यावर कुठली रेघ ठेवायची आणि कुठली काढायची हे झटक्यात ठरतं. अख्खा दिवस समोर पडलेला असला की तीच रेघ उद्यावर जाते. त्यात शिल्लक उतरायला लागली तशी मी खपेल तेच कोरायला लागले. फुलं, मांजरं, पुन्हा मांजरं. साहेबाची कटकट नको म्हणून बाहेर पडले, तर गिऱ्हाईकच साहेब होऊन बसलं.

फार उशिरा लक्षात आलं की नोकरी माझा वेळ खात नव्हती, डोकं खात होती. काम संपवून निघालं तरी उद्याच्या मीटिंगची धास्ती सोबत यायची. आता मी अर्धवेळ हिशेब तपासायचं काम करते. कंटाळवाणं आहे, पण दार ओढलं की संपलं. कोरायचं काम आता पुन्हा होतं.

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी संगीत रचता रचता प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली. १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांचा ऑपेरा झाला, त्यानंतरही काही काळ ते टॅक्सीवर जात होते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४पासून पोस्ट खात्यात होते. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचे, घड्याळ समोर ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. मला ही शिस्त थोडी भीतीदायक वाटते. पण त्यांनी राजीनामा कधी दिला ते बघा: १८६७मध्ये, मुदतीआधी सोडल्यामुळे बुडणाऱ्या पेन्शनची भरपाई होईल इतकी पुंजी लिखाणातून साठल्यावर.

म्हणून आधी दोन आठवडे रजा घ्या. कुठेही जाऊ नका, फक्त चाली बांधा. पहिले चार-पाच दिवस नुसती झोप येईल, ते धरू नका. दुसऱ्या आठवड्यात काय होतं ते महत्त्वाचं. चाली सुचायला लागल्या, तर नोकरी तुमचं डोकं खातेय. मग कमी तासांची किंवा घरी पाठलाग न करणारी नोकरी शोधा, एकदम शून्यावर यायची गरज नाही. रिकाम्या दिवसांतही काही सुचलं नाही, तर राजीनाम्यानं ते सुचेल असं मला वाटत नाही. नोकरी त्रास देत असेल तर जरूर बदला, पण ते ओझं गाण्यावर टाकू नका.

पैशांबाबत एवढंच, की खर्च वर्षाचा मोजा. मी महिन्याचा मोजला. विम्याचा हप्ता, दुरुस्त्या असली वर्षातून एकदा येणारी देणी धरलीच नाहीत. आठ महिने पुरेल वाटलेली रक्कम पाच महिन्यांत संपत आली. आणि शिल्लक किती उरली की पुन्हा काम शोधायला लागायचं, तो आकडा राजीनामा देण्याआधी लिहून घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. माझा आकडा माझ्याकडेच होता, मी तो दोनदा खाली आणला.